बंद केलेला पंप

गेल्या वर्षी श्रावणात घरच्या घरी केलेल्या चाचणीत दोन रेषा उमटल्या, आणि त्या दिवशी मी जे पहिले काम केले ते सांगायला आजही संकोच वाटतो. कपाटातला दम्याचा पंप, नाकात मारायचा फवारा आणि ॲलर्जीवरच्या सेटिरिझिनच्या गोळ्यांची पट्टी या तिन्ही वस्तू मी एका पिशवीत बांधल्या आणि माळ्यावर ठेवून दिल्या. डॉक्टरांना विचारले नाही, यजमानांना सांगितले नाही. पोटात बाळ असताना कोणतेही औषध घेऊ नये, एवढे एकच वाक्य लहानपणापासून कानावर पडत आले होते आणि त्या क्षणी ते मला संपूर्ण वैद्यकशास्त्रासारखे वाटले.

मला शाळेत असल्यापासून धूळ आणि गवताचे पराग सोसत नाहीत. पहाटे ओळीने पंधरा-वीस शिंका, डोळ्यांना खाज, मग छातीत घुरघुर, असा तो ठरलेला क्रम असे. कॉलेजात असताना दम्याचे निदान झाले आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ब्युडेसोनाइडचा पंप घेऊ लागल्यावर मला दमा आहे हे मी जवळजवळ विसरून गेले होते. औषध नीट लागू पडले की माणसाला आपल्याला आजारच नाही असे वाटू लागते, आणि माझी चूक तिथूनच सुरू झाली.

पहिले काही आठवडे काहीच बिघडले नाही, त्यामुळे माझा निर्णय योग्य होता असे मला वाटत राहिले. श्वसनमार्गाची सूज कमी ठेवणारे हे औषध बंद केल्यावर त्याचा परिणाम एका दिवसात ओसरत नाही. सूज हळूहळू परत येते आणि येताना फारशी जाणवत नाही. दरम्यान पाऊस उघडला की सांगलीतल्या आमच्या विश्रामबागच्या मागच्या रिकाम्या प्लॉटांमध्ये काँग्रेस गवत कमरेएवढे वाढून पांढऱ्या फुलांनी भरून गेले. गौरी आल्या त्या रात्री तीनच्या सुमारास मी खोकत उठले ते आडवी होऊच शकले नाही. एक वाक्य सलग बोलता येईना. यजमानांनी गाडी काढली, आणि रुग्णालयात रक्तातल्या प्राणवायूची पातळी मोजणारा चिमटा बोटाला लावल्यावर त्यावर ९१ टक्के हा आकडा दिसला.

नेब्युलायझरचा मुखवटा तोंडावर असताना ड्युटीवरच्या डॉक्टर बाईंनी सध्या काय औषध चालू आहे असे विचारले. मी मान हलवून काहीच नाही असे सांगितले. सकाळी त्या पुन्हा आल्या आणि रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, “तुम्ही औषध घेतलं नाही, याचा अर्थ तुम्ही काही केलं नाही असा होत नाही. औषध थांबवणं हासुद्धा एक निर्णयच असतो आणि त्याचेही परिणाम बाळाला भोगावे लागतात.” हा विचार त्याआधी माझ्या डोक्याला शिवला नव्हता. पुढच्या सात महिन्यांत ॲलर्जीच्या बाबतीत मी जे जे केले, त्याच्या मुळाशी हेच वाक्य होते.

त्यांनी समजावून सांगितलेले थोडे विस्ताराने लिहिते, कारण दम्याच्या पंपाविषयीची भीती आपल्याकडे घरोघरी आहे. पोटातल्या बाळाच्या रक्तातला प्राणवायूचा दाब मुळातच आईच्या मानाने बराच कमी असतो, त्यामुळे आईच्या रक्तातला प्राणवायू थोडासा घसरला तरी बाळाला त्याची झळ पोहोचते. म्हणूनच गरोदर स्त्रीला दम्याचा झटका आला, तर तिची पातळी ९५ टक्क्यांच्या खाली राहू नये असा प्रयत्न केला जातो. आटोक्यात नसलेल्या दम्याचा संबंध गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाशी, दिवस भरण्याआधीच्या प्रसूतीशी आणि कमी वजनाच्या बाळाशी आढळून आलेला आहे. याउलट पंपातून घेतले जाणारे औषध फार थोड्या मात्रेत थेट श्वासनलिकेत जाते, रक्तात त्याचा अंशच उतरतो. ब्युडेसोनाइडबाबत तर स्वीडनमध्ये ठेवल्या जाणाऱ्या जन्मनोंदणीतून हजारो बाळंतपणांची माहिती उपलब्ध आहे आणि तीत व्यंगांचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही. झटक्याच्या वेळी घ्यायचा साल्ब्युटामॉलचा निळा पंपही गरोदरपणात वापरतात. दमा असलेल्या स्त्रियांपैकी साधारण एक तृतीयांश जणींचा त्रास गरोदरपणात कमी होतो, एक तृतीयांश जणींचा वाढतो आणि उरलेल्यांचा आहे तसाच राहतो. वाढलाच तर तो बहुधा २४ ते ३६ आठवड्यांच्या काळात वाढतो. आपण कोणत्या तृतीयांशात मोडणार हे आधी कळण्याची सोय नाही, म्हणून दर महिन्याच्या तपासणीत छातीचीही तपासणी करून घ्यायची.

“पंपाची सवय लागते” हे वाक्य मी आजवर किती तोंडांतून ऐकले असेल याची गणती नाही. माझ्या मते चष्म्याची जशी सवय लागते तशीच ही सवय असते. मात्र पंप घेण्याची पद्धत बहुतेकांची चुकीची असते, आणि माझीही दहा वर्षे चुकीचीच होती हे मला त्या रुग्णालयातल्या परिचारिकेने दाखवून दिले. स्पेसरची नळी लावायची, श्वास पूर्ण सोडून मग सावकाश आत ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा आणि नंतर चूळ भरून टाकायची, म्हणजे तोंडात पांढरा थर धरत नाही. श्वास थोडा लागणे हे गरोदरपणात होतच असते, जिना चढताना प्रत्येकीलाच धाप लागते. पण छातीतून शिट्टीसारखा आवाज येणे, रात्री खोकल्याने जाग येणे किंवा निळा पंप वरचेवर लागणे, हे गरोदरपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये.

औषध पुन्हा सुरू झाले, पण डॉक्टरांनी बजावले होते की आधी कारण हटवा, म्हणजे औषध कमीत कमी लागेल. आणि सांगलीत राहून ॲलर्जीची कारणे हटवायची म्हटले, तर अर्ध्या जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेशी वैर पत्करल्यासारखे होते, हे मला यादी करायला बसल्यावर कळले.

पहिले ते काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदले गेलेले हे परदेशी तण आता कुठे नाही असे विचारावे लागते. त्याच्या परागांनी शिंका आणि दमा होतो, आणि अंगाला लागले तर कातडीवर पुरळ येते. शेजारच्या प्लॉटातले गवत यजमानांनी माणसे लावून फुलोऱ्याआधीच उपटून घेतले असते तर बरे झाले असते. फुले आल्यावर उपटले तेव्हा मला दोन दिवस नणंदेकडे मिरजेला जाऊन राहावे लागले. गवत उपटणाऱ्यांनीही हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधणे गरजेचे असते, हे मुद्दाम सांगते.

दुसरे कारण घरातच होते आणि ते लक्षात यायला वेळ लागला. आमचे जुने घर गावभागात आहे, आणि २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी तिथे माजघरापर्यंत आले होते. नंतर रंग मारला, गिलावा केला, तरी एका भिंतीच्या तळाशी दर पावसाळ्यात ओल धरते आणि लाकडी कपाटामागे काळसर बुरशी येते. सणासुदीला आम्ही तिकडेच असतो, आणि गौरींच्या त्या रात्री मी नेमकी त्याच खोलीत झोपले होते. पूर ओसरून वर्षे लोटली तरी भिंत पूर विसरत नाही. बुरशी घासून काढण्याचे काम गरोदर बाईने करू नये, आणि तिच्यावर नुसता रंग देऊनही उपयोग होत नाही. आधी ओल थांबवावी लागते. आम्हाला ते जमले नाही, म्हणून मी त्या घरी झोपणेच बंद केले. सासूबाईंना ते लागले. पण त्यांनी ते बोलून दाखवले नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तिसरी हळद. यजमान मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाचे काम पाहतात. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचा आम्हाला अभिमान आहेच, पण हळकुंडे ओतताना, चाळताना, पॉलिश करताना जी धूळ उडते ती कपड्यांच्या शिवणींत जाऊन बसते. मला हळदीची ॲलर्जी नाही, स्वयंपाकातली हळद मी रोज खाते. त्रास होतो तो धुळीचा. मग नियम केला, की यार्डातून आल्यावर शर्ट मागच्या अंगणातच काढायचा, आंघोळ करायची आणि मग घरात यायचे. यजमानांनी तो पंधरा दिवस पाळला, मग विसरले, मग मी शिंकले की त्यांना आठवायचा.

घटस्थापनेच्या आधीची झाडलोट हा एक स्वतंत्रच प्रसंग होता. आमच्याकडे नवरात्रापूर्वी घरातले एकूण एक अंथरूण-पांघरूण धुऊन निघते आणि माळे झाडले जातात. गादीतल्या आणि पांघरुणांतल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे असतात, आणि धुळीची ॲलर्जी म्हणून आपण जे म्हणतो ते बहुतांशी त्यांच्याच विष्ठेमुळे होते. ही झाडलोट माझ्या फायद्याचीच होती, अट एवढीच की ती मी करायची नाही आणि ती चालू असताना घरात थांबायचे नाही. उश्यांना घट्ट विणीचे अभ्रे घातले, चादरी दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवायला सुरुवात केली आणि झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसून घेतली. उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल हे तिन्ही बंद केले. देवापुढे नुसते निरांजन लावायला सासूबाई कशा तयार झाल्या याचे मला आजही आश्चर्य वाटते. डासांसाठी मच्छरदाणी बांधली.

चौथे कारण सर्वांत जड गेले. माझे माहेर तासगावचे. पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज, आणि सातव्या महिन्यातले डोहाळजेवण झाले की मी आईकडे जायचे असे ठरलेलेच होते. पण माझे दिवस भरत होते मार्चअखेर, आणि फेब्रुवारीपासून तासगावच्या भोवती बेदाण्याची शेडे सुरू होतात. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळ्यांवर वाळवतात, आणि पिवळा रंग टिकावा म्हणून अनेक ठिकाणी गंधकाची धुरी देतात. गंधक जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड हा वायू दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका काही मिनिटांत आवळू शकतो, आणि आमच्या घराला तर शेड लागूनच आहे. त्यात ऊस तुटल्यावर पाचट पेटवण्याचे दिवसही तेच. बाबांनी त्या हंगामात आपल्या शेडात धुरी देत नाही असे सांगितले, पण शेजारच्यांना कोण सांगणार? शेवटी मी गेले नाही. आईच आपला पसारा घेऊन सांगलीला आली. तासगावच्या घरात मुलीचे बाळंतपण करण्याची तिची हौस राहून गेली, आणि बाबा तर तीन आठवडे माझ्याशी फोनवर हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत.

डोहाळजेवणात फुलांच्या वाडीचा प्रश्न आला, तेव्हा तो मात्र सहज सुटला. निशिगंध आणि मोगऱ्याच्या उग्र वासाने माझे नाक लगेच गळू लागते, म्हणून वहिनीने कागदी फुलांचे दागिने केले. फोटोत काही फरक कळत नाही.

आता नाकाविषयी. पाचव्या महिन्यात माझे नाक जे चोंदले ते उघडेचना. शिंका नव्हत्या, डोळ्यांना खाज नव्हती, पण रात्री तोंड उघडे ठेवून झोपावे लागे. मी ते ॲलर्जीचेच समजून कोपऱ्यावरच्या औषध दुकानात गेले. दुकानदाराने चिठ्ठी न विचारता दोन वस्तू पुढे केल्या. एक सर्दीची गोळी आणि एक नाकात घालायचे थेंब. गरोदर आहे हे पोटाकडे पाहून कळण्यासारखे होते, तरी त्याने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. दोघांची मिळून ती चूक होती.

सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्या या तीन-चार औषधांच्या मिश्रणाच्या असतात. पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन हे त्यातले नेहमीचे त्रिकूट. यातल्या फेनिलेफ्रिनचे काम रक्तवाहिन्या आकुंचित करण्याचे. त्यामुळे गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत आणि रक्तदाब वाढलेला असताना, अशा गोळ्या टाळायला सांगतात. गंमत अशी, की २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने तोंडाने घेतलेल्या फेनिलेफ्रिनचा चोंदलेल्या नाकावर उपयोगच होत नाही असा कौल दिला. म्हणजे ज्या घटकामुळे धोका, त्याचा फायदाही नाही. आपल्याकडे दुसरी घरोघर आढळणारी जोडगोळी म्हणजे मॉन्टेल्युकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन. मॉन्टेल्युकास्टमुळे काही रुग्णांच्या मनःस्थितीवर होणाऱ्या परिणामांबद्दल २०२० साली त्याच प्रशासनाने ठळक इशारा दिला आहे, आणि साध्या शिंकांसाठी ते सर्रास घेऊ नये असेही म्हटले आहे. माझ्या डॉक्टरांनी दिली ती एकच औषध असलेली सेटिरिझिनची गोळी, तीही गरज असेल त्याच दिवशी, रात्री. क्लोरफेनिरामिन, लोरॅटॅडिन आणि सेटिरिझिन या तिघांचा गरोदर स्त्रियांमधला अनुभव जुना आणि दिलासा देणारा आहे. पहिल्याने झोप फार येते. कोणती आणि किती, हे अर्थातच ज्यांच्या हाती तुमची फाइल आहे त्यांनी ठरवायचे.

थेंबांचे प्रकरण वेगळे. ऑक्सिमेटाझोलीनसारख्या थेंबांनी नाक पाच मिनिटांत उघडते, त्यामुळे ते देवदूतासारखे वाटतात. पण तीन-चार दिवसांहून जास्त वापरले की परिणाम उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदते, म्हणून पुन्हा थेंब घालावे लागतात, आणि हे चक्र सुटत नाही. मी अकरा दिवस वापरले. सुटण्यासाठी पुढचे दहा दिवस लागले, त्यातल्या पहिल्या चार रात्री मी खुर्चीत बसून काढल्या.

मुळात माझे ते चोंदणे ॲलर्जीचे नव्हतेच. गरोदरपणात शरीरातले रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि संप्रेरकांमुळे नाकातले अस्तर फुगते. सर्दी किंवा ॲलर्जी नसताना सहा आठवड्यांहून अधिक काळ नाक बंद राहते आणि प्रसूतीनंतर दोन आठवड्यांच्या आत आपोआप उघडते. हिला गरोदरपणातली नासिकाशोथाची अवस्था म्हणतात आणि तिच्यावर ॲलर्जीच्या गोळ्या लागू पडत नाहीत. उशाखाली आणखी एक उशी घेऊन डोके उंच ठेवणे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे, या दोनच गोष्टींनी मला आराम पडला. जलनेती आपल्याकडे नवी नाही, पण पाण्याविषयी मात्र काटेकोर राहावे: पाणी उकळून गार केलेलेच हवे, नळाचे थेट कधीच नाही, कारण न उकळलेल्या पाण्यातल्या अमिबाने नाकावाटे मेंदूला जीवघेणा संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत. पाव लिटर पाण्याला अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडे कमी मीठ पुरते.

घरगुती उपायांबद्दल लिहिले नाही तर आमच्या आत्याबाई माझ्याशी बोलायच्या नाहीत. त्या गावाकडून अडुळशाची पाने घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “काढा कर नि घे पोरी, पाला हाय तो, काय होत न्हाई त्यानं.” खोकल्यावर अडुळसा गुणकारी आहेच, पण त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यामुळे गर्भाशय आकुंचन पावू शकते असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे, आणि गरोदरपणात तो देऊ नये असे आयुर्वेदाच्या वैद्यबाईंनीच मला सांगितले. ज्येष्ठमधाचेही तसेच, फिनलंडमध्ये गरोदर स्त्रियांनी त्याचे पदार्थ खाऊ नयेत असा सरकारी सल्ला आहे. साध्या पाण्याची वाफ घ्यायला हरकत नाही, फक्त पातेले मांडीजवळ घेऊन बसू नये. “पाला हाय तो” ही समजूत आणि “औषध म्हणजे विष” ही माझी समजूत, या दोन्ही एकाच झाडाच्या फांद्या आहेत. मी हे आत्याबाईंना बोलले नाही. पाने घेतली, वाळवली आणि डब्यात ठेवली.

शेंगदाण्यांबाबतही मतभेद झाला. मी गरोदरपणात दाणे खाल्ले तर बाळाला त्यांची ॲलर्जी होईल, असे एका नातेवाईक मुलीने सांगितले. तसे नाही. आईला स्वतःला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी नसेल, तर बाळाच्या भीतीने तो सोडण्याचा उपयोग होत नाही. उलट २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांना ॲलर्जीचा धोका जास्त होता अशा तान्ह्या मुलांना पहिल्या वर्षातच दाण्यांचे मऊ पदार्थ द्यायला सुरुवात केली तेव्हा ॲलर्जीचे प्रमाण खूपच घटले. मी दाण्याचे लाडू नऊ महिने खाल्ले.

खाज हा विषय मात्र मी अधिक गांभीर्याने मांडणार आहे. तेहतिसाव्या आठवड्यात माझ्या पोटावर खाज सुटली, आणि दोन-तीनदा अंगावर गांधीही उठल्या. सासूबाईंनी “पित्त उठलंय” म्हणून आमसुलाचे पाणी लावले, गार वाटले, गांधी उतरल्या. त्यात काही वावगे नव्हते. पण नंतर एका रात्री तळहात आणि तळपाय असे खाजू लागले की झोप लागेना, आणि अंगावर पुरळ म्हणाल तर एकही नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर हे सांगताच डॉक्टर बाईंनी लगेच बोलावले आणि यकृताची व पित्ताम्लाची रक्ततपासणी करवली. शेवटच्या तीन महिन्यांत रात्री वाढणारी, पुरळ नसलेली, तळहात-तळपायांची खाज ही ॲलर्जी नसून यकृतातून पित्त नीट न वाहिल्याची खूण असू शकते, आणि पित्ताम्लांचे प्रमाण फार वाढले तर बाळाच्या जिवाला धोका संभवतो. माझा अहवाल चांगला आला. तरीही मी हे लिहिते आहे, कारण आपल्याकडे खाज म्हटली की “उष्णता वाढली” असे म्हणून ताक पाजले जाते. ताक प्यावे, पण तपासणीही करून घ्यावी.

गांधी उठण्याबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडला, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या, तर मात्र घरात बसून काहीही लावत राहू नये. अशा तीव्र झटक्यात मांडीत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय आहे, गरोदर आहे म्हणून ते टाळायचे नसते. रुग्णालयात नेईपर्यंत तिला डाव्या कुशीवर निजवावे. असा झटका येण्याची शक्यता असते म्हणून त्वचेवर टोचून करायची ॲलर्जीची चाचणी गरोदरपणात करत नाहीत, रक्ताची करतात. ॲलर्जी कमी करण्यासाठीची इंजेक्शने आधीपासून नीट चालू असतील तर बहुधा चालू ठेवतात, नव्याने सुरू करत नाहीत.

नवव्या महिन्यात मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने चार ओळी लिहिल्या. दमा आहे, रोजचा पंप अमुक, तो प्रसूतीच्या दिवशीही चालू ठेवायचा. ॲस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाने कधी त्रास झाला आहे का, हे तपासून मगच द्यायचे. दम्याच्या काही रुग्णांना त्यांनी झटका येतो, आणि सिझेरियननंतर ती सर्रास दिली जातात. लहानपणी पेनिसिलिनने पुरळ आले होते असे आई सांगते. आणि चौथी ओळ डॉक्टरांनी सांगून लिहून घेतलेली: प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी कार्बोप्रोस्ट देऊ नये, कारण त्याने दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका आकुंचन पावते, त्याऐवजी देता येण्याजोगी दुसरी औषधे आहेत. ज्या डॉक्टरांनी नऊ महिने तपासले, त्याच डॉक्टर मध्यरात्री हजर असतील असे नसते. माझ्या वेळी खरोखरच नव्हत्या. त्या रात्रीच्या परिचारिकेने फाइल उघडली, चारही ओळी मोठ्याने वाचल्या आणि फळ्यावर माझ्या नावापुढे खडूने “दमा” असे लिहिले. पुढे त्या इंजेक्शनाची गरज पडली नाही, आणि पहाटे पावणेसहाला मुलगी झाली, वजन दोन किलो नऊशे.

घरी आल्यावर शेक-शेगडीचा वाद अपेक्षित होता. ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून आई-बाळाला धुरी द्यायची, हे आई आणि सासूबाई या दोघींनाही हवे होते, आणि इतर बाबतींत एकमेकींशी सहमत न होणाऱ्या त्या दोघी या एकाच मुद्द्यावर माझ्याविरुद्ध एकत्र आल्या. तिसऱ्या दिवशी तडजोड झाली: गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्यायचा, ओवा पोटात घ्यायचा, धूर नाही. पंप अर्थातच चालू राहिला, दूध पाजताना त्याला हरकत नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते. झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या तेवढ्या टाळायला सांगितल्या, कारण त्यांनी बाळालाही गुंगी येऊ शकते.

बारशाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी मुलीला पाजत बसले होते आणि मला अचानक कसला तरी वास आला. चार महिन्यांनी पहिल्यांदाच दोन्ही नाकपुड्या उघड्या होत्या. काही क्षण कळेना, की हा कसला उबदार, मातकट, ओळखीचा वास आहे, आणि मग दारात यजमान उभे दिसले, यार्डात नव्या राजापुरी हळदीचे सौदे आटपून थेट बाळाला बघायला आलेले. मला एक शिंक आली, पाठोपाठ दुसरी. त्यांनी माझ्याकडे पाहिले, स्वतःच्या शर्टाकडे पाहिले आणि काही न बोलता मागच्या अंगणाकडे वळले.